वाचकांचे प्रश्न : रस आटवायचा, पण कशात?

थंडी पडली की घरच्या उसाचा थोडा गूळ आणि काकवी, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलांचा पाक. या हंगामात आलेल्या पत्रांमध्ये रसाबद्दल कमी आणि भांड्याबद्दल जास्त विचारलं आहे. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : घरापुरता गूळ मागच्या आवारात करायचा आहे. भंगारात जस्ती पत्र्याची जुनी चौकोनी टाकी स्वस्तात मिळते आहे. नाहीतर दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम उभा चिरून दोन कढया काढून देतो, असं वेल्डर म्हणतो. यातलं काय घ्यावं?
— ता. उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही सोडून द्या. स्वस्त पडतं म्हणून हीच दोन भांडी सगळ्यांना सुचतात आणि नेमकी हीच दोन सगळ्यात वाईट.

आधी एक हिशेब मांडू. क्विंटलभर ऊस घरगुती चरकातून काढला तर ५५ ते ६० लिटर रस निघतो. त्याचा गूळ होतो १० ते ११ किलो. म्हणजे रस पाच-सहापट आटतो. पाणी वाफ होऊन उडून जातं, पण भांड्याच्या पत्र्यातून, जोडातून, लेपातून जे रसात उतरलं ते उडत नाही. तेही पाच-सहापट दाट होऊन गुळात बसतं. भाजी शिजवायला चालणारं भांडं रस आटवायला चालेलच असं नाही, ते याचमुळे.

आता जस्ती पत्रा. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो, त्याचा सामू ५ ते ५.५ च्या आसपास. एवढा आंबटपणा आणि त्यावर तीन-चार तासांची उकळी, एवढ्यावर जस्त विरघळू लागतं. जस्त जास्त पोटात गेलं की काही तासांत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा येतो. जुन्या टाक्यांच्या जस्तात थोडं शिसंही मिसळलेलं असायचं, आणि चौकोनी टाकीचे कोपरे बहुधा कथील-शिशाच्या डागाने (सोल्डरने) बुजवलेले असतात. रसाच्या पातळीच्या वरचा कोरडा पत्रा जाळ लागून तापतो. जस्त ४२० अंशांना वितळतं, आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ त्याहून बराच वर जातो. आधी जस्ताची पापडी सुटते, पत्रा आणखी लाल झाला तर पांढरा धूर निघतो. हा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जस्ती पत्रा जोडणाऱ्या वेल्डरला विचारा, तो हा ताप ओळखतो.

ड्रमची गोष्ट याहून सोपी आहे : आधी त्यात काय भरलं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. ऑइल, रंग, कीटकनाशक, काहीही असू शकतं. आत अस्तराचा रंग असतो. तो जाळून काढला म्हणजे पत्रा स्वच्छ झाला असं होत नाही, शिवणीत आणि काठाच्या घडीत माल राहतोच. बंद ड्रमला गॅसकटर लावणं तर सरळ जिवावरचं काम आहे, कारण आत उरलेल्या वाफा पेट घेऊन ड्रम फुटतो. घमेल्यांनाही हेच लागू. बांधकामावरचं घमेलं, नवीन असलं तरी, रसाला नको.

प्रश्न : मग स्टीलची कढईच बनवून घ्यावी म्हणतो. दुकानदार '३०४' सांगतो, दुसरा '२०२' सांगतो, तिसरा चुंबक लावून दाखवतो. पत्रा किती जाड घ्यायचा, कढई केवढी करायची आणि वेल्डरला नेमकं काय सांगायचं?
— ता. मौदा, जि. नागपूर

उत्तर : ३०४ घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पृष्ठभागावर क्रोमियमचा अदृश्य थर बसतो, तोच रसाला आणि पत्र्याला वेगळं ठेवतो. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं असतं. ते विष नाही, पण आंबट आणि खारट मालाला लवकर टवके देतं, गंजाचे बारीक ठिपके धरतं. चुंबकाचा दाखला अर्धाच खरा : ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण २०२ लाही चिकटत नाही. चिकटलंच तर तो ३०४ नाही, एवढंच कळतं, आणि तेही सपाट पत्र्यावर पाहायचं. ठोकून वाकवलेल्या काठाला ३०४ सुद्धा किंचित ओढ दाखवतो. मोठ्या पत्रावाल्यांकडे मँगनीज ओळखणारं थेंबाचं औषध आणि छोटी बॅटरी असते, थेंब लाल झाला तर माल २०० मालिकेतला. ती तपासणी समोर करून घ्या आणि बिलावर '३०४' लिहून घ्या. तयार भांडं घेत असाल तर आयएसआय चिन्ह पाहा. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६० हे मानक आहे. केंद्राने २०२४ मध्ये अशा भांड्यांना चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला.

जाडी २ मि.मी., म्हणजे १४ गेज. इथे काटकसर करू नका. स्टील उष्णता पसरवण्यात मंद आहे, साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. पातळ पत्र्यात जाळ लागतो तिथेच ठिपका तापतो आणि पाक तिथेच धरतो.

माप असं धरा. तोंड ९० सें.मी., मध्यभागी खोली ३० सें.मी., बूड गोल. अशा कढईत काठोकाठ ११० लिटर मावतं. रस मात्र ४५ ते ५० लिटरच घालायचा, कारण मळी वर येताना आणि पुढे पाकाला फेस धरताना तो दुपटीने उसळतो. ६० लिटर रस असेल तर ४५ लिटर आधी घाला आणि पातळी उतरेल तसा बाकीचा, वेगळ्या गंजात (पातेल्यात) गरम करून, वाढवत जा. थंड रस उकळत्या रसात ओतला तर उकळी मोडते आणि वेळ वाढतो.

फसवणूक ओळखायला तराजू पुरतो. या मापाच्या कढईला २ मि.मी.चा पत्रा पंधरा किलोच्या जवळपास लागतो, काठाची सळई आणि कड्या वेगळ्या. कढई नऊ-दहा किलो भरली तर पत्रा १.२ मि.मी.चा आहे, मग वेल्डर काहीही म्हणो.

वेल्डरला सांगायच्या गोष्टी : जोड आर्गन वेल्डिंगने, भरणीची तार ३०८ एल. आतला जोड घासून सपाट, नख फिरवलं तर अडकायला नको. फटीत रस अडकतो, जळतो आणि पुढच्या घाण्याला वास देतो. गळती दिसली तर पुन्हा वेल्डिंगच. डाग, एम-सील, पुट्टी यांतलं काहीही नाही. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंगची चकती स्टीलवर फिरवू देऊ नका, लोखंडाचे कण रुततात आणि आठ दिवसांत तांबूस ठिपके येतात. कड्या चार हव्यात, दोन नकोत. उकळता पाक उतरवताना दोन माणसं पुरत नाहीत.

आणल्यावर आधी साबण आणि गरम पाणी, मग कढईभर पाण्यात मूठभर चिंच कोळून अर्धा तास उकळा आणि फेकून द्या. कारखान्याचं तेल आणि घासणीची भुकटी निघून जाते. पुढे कधी करपलं तर रात्रभर पाण्यात भिजवा, खायचा सोडा घालून उकळा, लाकडी सराट्याने खरवडा. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको. त्यातलं क्लोराइड स्टीलला भोकं पाडतं.

प्रश्न : घरात पितळेचं मोठं जुनं घंगाळ आहे, शिवाय तांब्याचं एक भांडं. कल्हई करून घेतली तर काकवी आटवता येईल का? घंगाळाच्या बुडाशी जुना डाग दिलेला आहे.
— जि. वर्धा

उत्तर : डाग दिलेलं घंगाळ शोभेला ठेवा. जुने डाग कथील आणि शिसं मिसळून दिलेले असतात. हे मिश्रण १८३ अंशांपासून मऊ पडू लागतं. भांड्यात रस आहे तोवर पत्रा ११०-१२० च्या पुढे फारसा जात नाही, पण रस खाली उतरला, डागाची जागा उघडी पडली की डाग ओघळतो. आणि न ओघळतासुद्धा आंबट रसात शिसं उतरत राहतं. शिशाला चव नाही, वास नाही, लगेच काही होत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटना शिशाचं कोणतंही प्रमाण निर्धोक मानत नाही.

डाग ओळखायचा कसा? जोडावर करडी, मऊ, नखाने किंवा खिळ्याने सहज चरा पडणारी रेघ दिसेल, खरवडल्यावर चकाकेल. वेल्डिंगचा जोड टणक असतो, खिळा घसरतो. बाजारात शिसं ओळखण्याच्या काड्या मिळतात. काडी रंगली तर भांडं बाद. नाही रंगली तर मात्र निश्चिंत होऊ नका, त्या सगळं पकडत नाहीत.

तांब्याचं भांडं एकसंध, डागाशिवायचं असेल तर गोष्ट कल्हईवर येते. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं चुलीवर विसरलं की कल्हई गेलीच समजा. घासताना तांबूस पट्टा दिसला त्या दिवसापासून त्यात आंबट काही आटवायचं नाही. कल्हईवाल्याला शुद्ध कथील स्वतः आणून द्या. स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं आणि चकाकी तीच दिसते. एवढी उस्तवार करून शेवटी पाच-सात लिटरच आटणार. आमचं मत विचाराल तर तांब्याच्या भांड्यात पाणी तापवा, काकवी स्टीलमध्ये करा.

प्रश्न : लोखंडी कढईत गूळ काळा होतो. तो खायला बरा की वाईट?
— ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : बरा. उसाच्या रसातले तुरट घटक लोखंडाशी मिळून काळपट रंग देतात, त्यात अपाय नाही. कढईला वापरापूर्वी जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल चोळून दोन-तीनदा तापवलं तर रंग कमी उतरतो. रस आटवायच्या आधी तासभरही कढईत साठवू नका आणि काम झालं की धुवून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवा. विदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते : सिकलसेल किंवा थॅलसेमियाच्या ज्या रुग्णांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोह आधीच साठत असतं. अशांच्या घरी लोखंडी कढईचा गूळ देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

रंग खुलवायला हायड्रॉस नावाचं रसायन टाकू नका. भेंडीच्या खोडाचा चिकट रस, ५० लिटरला साधारण १०० ग्रॅम खोड ठेचून, मळी उचलायला पुरतो.

प्रश्न : आमचा बचत गट मोहफुलांचा पाक करतो. जर्मनचे मोठे गंज आहेत, त्यांत चालेल का? शिंदीच्या नीरेचा गूळही करून पाहायचा आहे.
— ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : दोन्हीचं उत्तर वेगळं आहे. मोहफुलाचं पाणी किंचित आंबट आणि तुरट असतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजात ते तास-दोन तास आटवलं तर घरच्या वापरात मोठं नुकसान नाही, पण गंज आतून काळा पडतो आणि धातूची चव येते. गंजाला खळगे पडले असतील तर तो बाद करा. त्याहून काळजीचं म्हणजे भंगार वितळवून ओतलेली जाड जर्मन किंवा हिंडालियमची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) बिनशिक्क्याची भांडी. भंगारात काय काय येतं त्याला धरबंध नाही. अशा काही भांड्यांतून शिसं उतरतं म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये ग्राहकांना सावध केलं होतं. विक्रीसाठी करत असाल तर सगळं काम स्टीलमध्येच करा.

पाकाची रीत थोडक्यात : फुलांतले तुरे आणि माती काढून धुवा. किलोभर वाळल्या फुलांना अडीच-तीन लिटर पाणी, उकळी न आणता ६०-७० अंशांवर तासभर, मग दोनपदरी कापडातून गाळणं. चोथा फार पिळू नका, तुरटपणा उतरतो. मग आटवणं. त्याच दिवशी आटवा, रात्रभर राहिलं तर फसफसतं, आणि मग त्याचा पाक नव्हे, भलतंच काही होतं.

नीरेला जर्मन अजिबात नको. नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, त्यामुळे ती आंबट नव्हे तर उलट बाजूला, खारीकडे झुकलेली असते. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर चुना खाऊन टाकतो, गंजाला बुडबुडे येतात आणि पत्रा झिजतो. उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतानाही हीच अडचण. आटवण्यापूर्वी नीरा निथळून घ्या, तळाचा चुना मागे ठेवा, मग स्टील किंवा लोखंडी कढई. मडक्यातच उकळायचं असेल तर साधं, बिनचकाकीचं, कुंभाराचं मडकं घ्या. रंगीत चकाकीच्या भांड्यात शिशाची झिलई असू शकते. वर्ध्याला १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाला चालना दिली होती, तेव्हा आपल्या भागाला हे काम परकं नाही. मात्र नीरा काढायला परवाना लागतो, तो आधी घ्या.

प्रश्न : नातेवाईक कॅनडात आहेत. तिथे मेपल नावाच्या झाडाचा रस सपाट, उथळ पॅनमध्ये आटवतात. तसा चौकोनी ट्रे करून घेतला तर ऊस लवकर आटेल का? आमच्याकडे गूळ शेवटी नेहमी करपतो.
— ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी तिथलं समजून घ्या. हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन अशा दिवसांत मेपलच्या खोडातून रस वाहतो. त्यात साखर असते जेमतेम २ टक्के. लिटरभर पाकाला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. एवढं पाणी उडवायचं तर तोंड रुंद आणि थर उथळ हवा, म्हणून सपाट पॅन. आणि पाक ६६ टक्के साखरेवर, म्हणजे पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश वर गेला की थांबवतात. तो शेवटपर्यंत ओतता येईल इतका पातळ राहतो. तिथल्या जुन्या पॅनचे जोडही शिशाच्या डागाचे असत. रस चाळीसपट आटतो, त्यामुळे जुना पॅन विकत घेऊ नये असं तिथे सांगतात. नवे पॅन वेल्डिंग केलेल्या स्टीलचे येतात.

आपल्या उसाच्या रसात साखर १६ ते २० टक्के. पाणी कमी उडवायचं, पण गुळासाठी ११८ ते १२० अंशांपर्यंत जायचं, आणि तिथे पाक चिखलासारखा जड होतो. चौकोनी ट्रेच्या कोपऱ्यात झारा पोचत नाही, तिथेच करपतं. म्हणून गुळाला गोल बूडच योग्य. काकवी १०५-१०६ अंशांना उतरवायची असते, तिच्यासाठी ट्रे चालेल : ६० × ९० सें.मी., उंची २० सें.मी., कोपरे गोलाकार वळवलेले. रसाचा थर ४-५ सें.मी.च्या खाली जाऊ देऊ नका. ५ सें.मी.ला २७ लिटर रस बसतो, तेवढा सतत भरत राहा आणि शेवटचा भाग गोल कढईत उतरवून पुरा करा.

करपण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा कढई नसून जाळ असतो. क्विंटलभर उसाच्या रसातून पन्नासेक लिटर पाणी उडवावं लागतं. उघड्या चुलीवर लिटरमागे किलोभर वाळलेलं सरपण धरा, म्हणजे पन्नास किलो पऱ्हाटी किंवा तुराटी. ही दोन्ही भडकन पेटतात आणि विझतात, जाळ आवरता येत नाही. सुरुवातीला ती वापरा, पण पाक दाट होऊन मोठे, जड बुडबुडे फुटू लागले की नवं सरपण बंद. तिथून पुढे निखाऱ्यावर. चुलीची भिंत कढईच्या निम्म्या उंचीपर्यंत मातीने लिंपून घ्या, रसाच्या पातळीच्या वर जाळ लागायला नको. फेस चढला तर चमचाभर एरंडेल किंवा शेंगदाणा तेल टाका, तो बसतो.

अंदाजावर न जाता २०० अंशांपर्यंतचा, स्टीलच्या दांड्याचा थर्मामीटर वापरा. पाऱ्याचा काचेचा नको, फुटला तर सगळा घाणा जातो. वापरण्यापूर्वी उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९९ अंशांना उकळतं. तुमचा थर्मामीटर तिथे ९६ दाखवत असेल तर तो ३ अंश कमी दाखवतो, म्हणजे गूळ त्याच्या ११५ ते ११७ वरच उतरवायचा. काटा ११५ वर आला की चार माणसं कड्यांशी उभी राहू द्या, लहान मुलांना आवाराबाहेर पाठवा, आणि कढई उतरवून कोपरात (पसरट परातीत) ओतेपर्यंत झारा थांबवू नका.